चौथ्या कवितेतला ‘जा’

कुडतरीला एल्विनोच्या पियानोत
दिवसरात्र एक बल्ब जळतो,
तारांना दमट हवा लागू नये म्हणून.
सातांतल्या तीन कविता बसल्या.
चौथीत त्यानं माझा ‘जा’
कागदभर ताणलाय.

मी म्हटलं, अहो, तो मी
कडी लावता लावता म्हटला होता,
पाठ फिरवून. एवढुसा.

‘पण “आ” उघडा आहे, बाई,’ तो म्हणाला,
‘मिटायचा कसा?’

ज्युडितनं सूर लावला.
खाली पियानो एकेक पायरी उतरत गेला,
अंगणापर्यंत, फाटकापर्यंत,
आणि तिचा आवाज तिथंच, दारात.

ही तर हाक झाली.

पेन्सिल मागितली मी. खोडायला.
मग नुसतीच धरून बसले.

झाकणाच्या फटीतून उजेड,
त्यात एक चिलट.