हाडांचं वय

भायखळ्याच्या इस्पितळात, एक्स-रे खोलीबाहेर,
आमचा नंबर एकोणचाळीस.
ती बाकाच्या टोकाला बसली आहे,
कुणी ऊठ म्हणायच्या आत उठता यावं अशी.
खरं नाव लिहायला मला बंदी आहे.
काय म्हणू, विचारलं, तर म्हणाली, "रत्नी म्हना.
रत्नी आमची शेळी.
तिला कवा इकली न्हाई."

पोलिसांच्या कागदावर वय: अंदाजे एकोणीस.
मालकिणीच्या कागदावर तेवीस,
आधारकार्डासकट, कुणा दुसरीच्याच गावासकट.
मला तिनं सांगितलं ते असं:
"छावणी उठली, जनावरं घरला आली,
त्या साली माजं म्होरचं दोन दात पडलं."

मी तालुक्याला फोन करून छावणीचं साल विचारलं.
बोटांवर मोजलं.
सोळा. फार तर सतरा.
पण दातांची साक्ष कोर्टात चालत नाही,
पडलेल्या दातांची तर नाहीच.

शाळेचे मुख्याध्यापक भला माणूस.
दोन दिवसांनी त्यांनीच उलट फोन केला:
"मॅडम, ते रजिस्टर वाळवीनं खाल्लंय.
आणि असतं तरी काय, एक जूनच असणार."
मला हसू आलं.
माझाही वाढदिवस एक जून.
आईचा एक जून, ऑफिसातल्या कुंदाताईंचा एक जून.
गुरुजींनी आम्हा सगळ्यांना
एकाच दिवशी जन्माला घातलं
आणि पहिलीत बसवलं.

"आणि भावाचा?"
भावाची वेळसुद्धा आहे.
मंगळवार, पहाटे चार वाजून दहा मिनिटं,
कॅलेंडरच्या पाठीवर, नक्षत्रासकट.
"तुझी?"
"मी त्येच्या आदुगर दोन पावसाळं."

म्हणजे तिच्या जन्माचा पुरावा आहे,
फक्त तो त्याच्या जन्माचा आहे.
कॅलेंडर बापाकडं.
बाप फोन उचलत नाही.

एकोणचाळीस.
आत तो मुलगा म्हणाला, "हात ठेव. मोकळा सोड."
ही दोन वाक्यं तिनं कुठं ऐकली असतील,
त्याला कसं ठाऊक असणार?
मूठ आवळली ती सुटेना.
मी शिशाचा एप्रन चढवला, जड असतो तो,
आणि तिच्या हाताशेजारी माझाही हात ठेवला.
दोन हात, एका थंड पाटीवर.
"ताई, तुमचा काढा, फोटो फुकट जाईल."
काढला.
तोवर मूठ उघडली होती.

मग मनगट पडद्यावर आलं,
बांगडी नाही, डाग नाही, जातही नाही,
नुसती पांढरी हाडं
आणि टोकाशी केसाएवढी काळी रेघ.
"ही फट अजून बुजलेली नाही," डॉक्टरीण म्हणाली.
रत्नी पुढं झुकली.
"मंजी मी आजून वाडनार हाय?"

डॉक्टरीण लिहीत होती.
तिनं पेन ठेवलं, पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं.
"थोडीशी," म्हणाली.

अहवाल: सोळा ते अठरा.
त्यांचा वकील अठरा वाचेल, आम्ही सोळा.
मधल्या दोन वर्षांवरून भांडण होईल,
तारखा पडतील,
आणि ज्या काकानं तिला दादर दाखवतो म्हणून आणलं
तो जामिनावर चहा पीत असेल कुठंतरी.

गोवंडीच्या आमच्या निवाऱ्यात
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत.
नावं नाहीत, नियम आहे. नुसत्या उंच्या.
संध्याकाळी ती आपणहून चौकटीला पाठ लावून उभी राहिली,
चपला काढून.
"टाचा उचलू नकोस."
"न्हाई उचलत. वडा रेघ."

ओढली. शेजारी तारीख लिहितो आम्ही.
"काय लिहू?"
"आजची ल्ह्या," ती म्हणाली,
"एक जून नगं."