चार अक्षरांची मासळी

कॅसेट लावली की आधी पाच मिनिटं
नुसता किंचाळा,
पत्र्याच्या बादलीत कुणी वादळ घोळवावं तसा.
आई आतून ओरडायची, "नेडीन, बंद कर ते!"
आणि बाबा, वॉल्टर ऑझगर्बी,
खुर्चीतून काहीच म्हणायचे नाहीत.
आइसलंडने समुद्राला कुंपण घातलं
तेव्हापासून ते फारसं बोलत नसत.
त्यांचा ट्रॉलर ग्रिम्सबीच्या गोदीतून भंगारात गेला,
त्याचा भाव मात्र पेनीपर्यंत पाठ होता.

मग पडदा काळा.
काळ्यावर हिरव्या रेघांचं जहाज, आतून पोकळ,
पलीकडच्या रेघाही दिसणारं.
शंभर नाणी, सात टन जागा,
एका आकड्याच्या पोटातून निघालेले शेकडो ग्रह,
नावं झोपेत बरळल्यासारखी:
ओर्वेझू, तिनाखे, उल्माड.
इथून धान्य भरायचं, तिथून यंत्रं आणायची,
मधल्या अंधारात मरायचं.
मी बरीच मरायची.
पुन्हा किंचाळा, पुन्हा पाच मिनिटं.

आणि पोचलेच, तर तळ स्वतःभोवती गरगरत असायचा,
दार म्हणजे एक फिरती फट.
अकराव्यांदा आदळले तेव्हा मागून आवाज आला,
"घाई करतेयस.
धक्का हलतोय ना? मग तेवढंच तूही हल."
त्यांनी बोटं कळांवर ठेवली
(एक अर्धंच, उरलेलं विंचने नेलेलं)
आणि जहाज आत सरकलं
पाकिटात पत्र जावं तसं.

त्यानंतर मशीन माझं राहिलं नाही.
त्यांनी निळी वही केली.
खेळाला तारखा नव्हत्या, म्हणून आमच्याच घातल्या:
"१४ जानेवारी. ओर्वेझू. धान्य स्वस्त. वारा ईशान्येचा."
वारा खिडकीबाहेरचा.
नशेच्या मालात दुप्पट सुटायचे, तरी हात लावला नाही,
म्हणाले, जकातवाल्यांना ओळखतो मी.
परतीचं इंधन कायम हातचं राखलेलं.
चाचे आले की सगळा माल अंधारात सोडून
निघून यायचे.
"लढायचं ना!" मी चिडायची.
"जाळं तोडता येतं. माणसं घरी यायला हवीत."
त्या जहाजात माणसं नाहीत, मी म्हणाले.
त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

फेब्रुवारीत एकदा यादीवरून बोट फिरवत थांबले.
"मासळी कुठाय?"
नाहीये.
"एवढं मोठं आकाश,
आणि कुणी मासे खात नाही?"

ते झोपल्यावर मी मशीनच्या आठवणीत उतरले.
वाचनालयातलं फाटकं मासिक मांडीवर,
आकड्यामागून आकडा, कितीतरी वेळ नुसता चिखल,
मग त्या चिखलात शब्द: धान्य, यंत्रं, दारू, लोकर.
एक अक्षर जास्त झालं
तर सगळे ग्रह एकमेकांवर कोसळणार होते.
पण इंग्रजीत लोकर चार अक्षरांची,
आणि मासळीही चारच.
चार कळा दाबल्या.
कोऱ्या कॅसेटवर उतरवताना तो किंचाळा
उशीखाली दाबून धरला.

सकाळी बाबा यादी वाचत खाली आले.
थांबले.
वर गेले, पुन्हा खाली आले.
मला काही विचारलं नाही.
सातही टन मासळी भरली,
इंधन मोजलं, खुर्ची पुढे ओढली,
आणि सबंध काळोख ओलांडून
उल्माडच्या फिरत्या फटीत अलगद आत नेली.

उल्माडला भाव पडला होता.
निम्मे पैसे बुडाले.

बाबा इतके हसले
की आई हात पुसत दारात आली.
"खरीच आहे गं," ते म्हणाले,
"अगदी खरी मासळी आहे ही."

कॅसेट आता वाजत नाही. वही आहे.
"३ मार्च. उल्माड. मासळी, सात टन. तोटा.
वारा नैर्ऋत्येचा. समुद्र शांत."