दोन्ही लुगडी माझीच

माघ लागला की नाना कोयंडे दारात येतो,
चपला पायरीखाली, हात पाठीमागे:
"वयनी, लुगडी दिशात मां?"
त्याने विचारेपर्यंत मी ट्रंक ओढून ठेवलेली असते.

हिरवं सुव्रतेला.
जांभळं, रुंद जरीकाठाचं, मंजरीला.
आमच्या तारामुंबरीत हे नाटक
सासऱ्यांच्या मिसरुडाआधीपासून होतंय,
त्यामुळे कोणाला सांगावं लागत नाही
की हिरवी सोसते
आणि जांभळी घर नासवते.

सुव्रता म्हणजे बाबल कुबल. दिवसा ट्रॉलरवर,
शिव्या अशा, की जेटीवरचे कावळे उडावेत.
रात्री तोच पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन
"नाथ, आपण जेवलात का?" म्हणतो
आणि बायकांच्या बाजूला नाकं ओढली जातात.

मंजरी दत्ताराम शिंपी.
जन्मात त्याने कोणाला मोठ्याने हाक मारली नसेल.
कमरेवर हात ठेवून तो पेटीवाल्याकडे बघतो,
पोरं शिट्ट्या घालतात.
एका वर्षी कोणीतरी नारळाचं सोडण फेकून मारलं,
भुवईवर लागलं.
वाक्य त्याने अर्धं सोडलं नाही.

तिसऱ्या अंकात दोघी समोरासमोर.
सुव्रता गळ्यातलं काढून पुढे करते.
मंजरी घेत नाही. म्हणते,
"दागिना ठेव तुझ्याकडे. बागेतला माझा वाटा कुठंय, ते सांग."
सगळा मांडव छी-थू करतो.
मी करत नाही. मी काठ बघत असते,
शेणात लोळतोय का, खिळ्याला अडकतोय का.
विचारलं कोणी तर असंच सांगते.

हिरवं नेसून मी या गावात आले.
सतरा वर्षं त्याच पदराने
ताटं पुसली, पोरांची नाकं पुसली.
होडीतला हिस्सा ह्यांनी भावाला लिहून दिला
तेव्हा त्याच पदराआड गप्प राहिले,
आणि शेजारणी म्हणाल्या, काय गुणाची बाई.

जांभळं त्यानंतरचं.
सुके बांगडे विकून घेतलं, रोखीने.
ते नेसून एकटी एसटीत बसले,
कचेरीत टेबलावर कागद ठेवला, म्हटलं,
माझा वाटा कुठंय, ते सांगा.
आवाज जरा चढाच लागला.
कारकुनाने चष्मा वर करून पाहिलं,
मांडव मंजरीला बघतो तसं.
कागद झाला. थोडा उशिरा झाला, पण झाला.
त्या संध्याकाळी परतून
ह्यांना तापात पेज मीच भरवली,
जांभळं अजून अंगावरच होतं.
हा अंक कोणी लिहिलेला नाही.

नाटक संपतं तेव्हा
कलमांच्या मोहराचा वास खाली उतरलेला असतो,
मंजरी पायऱ्यांवर मरून पडलेली असते,
सुव्रता तिचं डोकं मांडीवर घेते, क्षमा करते.
लोक उठतात, चटया झटकतात.
दत्ताराम मेलेलाच राहतो
शेवटची बॅटरी वळणाआड जाईपर्यंत.

सकाळी लुगडी परत येतात.
हिरव्यावर काजळ, बाबल खरोखरचा रडतो म्हणून.
जांभळ्याला टाचण्यांची भोकं, निऱ्यांत वाळू.
मी एकाच घमेल्यात भिजवते.
इतक्या वर्षांत
एकीचा रंग दुसरीला लागलेला नाही,
आणि वास मात्र दोघींना एकच,
माझ्या ट्रंकेचा.

यंदा नाना आला तेव्हा म्हटलं,
जांभळं बाबलला दे. हिरवं दत्तारामाला.
तो हसला. मग हसायचा थांबला.
"लोक वळखूचे नाय ओ, वयनी."

मी कडी लावली ट्रंकेला.
"वळखूंदेत सावकाश," म्हटलं,
"नाटक रातभर आसा."