पुठ्ठ्यावरचं संकलन

नारिनमध्ये रात्रीचे बारा.
रेडिएटर गार, खिडकीच्या काचेवर आतूनच बर्फ.
तालाय पांघरुणात टॉर्च धरून बसलाय,
मी स्वयंपाकघरात, धाकट्यांची झोपमोड नको म्हणून.
दोघांच्या वह्यांत एकच गणित अडलेलं:
ई-चा एक्स घात, गुणिले कोसाइन एक्स.

खंडशः सोडवलं. कोसाइनचा साइन झाला.
पुन्हा सोडवलं. साइनचा कोसाइन,
आणि शेपटाला तेच, अगदी तेच संकलन.
ये रे माझ्या मागल्या.
तालायनं वहीचा फोटो पाठवला,
कोपऱ्यात त्याचा पट्टी गुंडाळलेला अंगठा,
खाली एकच शब्द: मेलो.
मी लिहिलं: मीही.

मग सेझिमला विचारलं.
आमचे बारा म्हणजे तिचे नऊ,
मॉस्कोच्या कडेचं गोदाम, रात्रपाळीआधीचा चहा.
वर्गात ती पहिल्या बाकावर असायची.
सप्टेंबरात त्या बाकावर दुसऱ्याच कुणाचा कोट होता.
घरात कमावतं कुणी उरलं नव्हतं, एवढंच कळलं,
आम्ही जास्त विचारलं नाही.

वीस मिनिटांनी उत्तर आलं.
खोक्याचा फाडलेला पुठ्ठा, जाड काळा मार्कर,
वर छापलेलं: नाजूक माल, ही बाजू वर.
त्याखाली तिचं अक्षर:
परत आलं म्हणून घाबरता कशाला?
त्याला नाव द्या. आय म्हणा.
त्याच्या पुढ्यात उणे आहे, दिसतंय?
उचला, बरोबरच्या चिन्हापलीकडे न्या.
दोन आय झाले. आता दोनानं भागा.
तालाय, तुझं उणे अंगठ्याखाली गेलंय.

खरंच अंगठ्याखाली होतं.

मी पुठ्ठा मोठा करून बघत राहिले.
शेवटच्या ओळीत अधिक सी लिहिताना
मार्कर सुकत आला असावा,
सी दोनदा गिरवलेला.
तो स्थिरांक आम्ही दोघं हटकून विसरतो,
दर वेळी अर्धा गुण जातो.
तिला तर आता गुण देणारंही कुणी नाही.

पुढच्या वर्षी येशील ना, असं टाइप केलं.
पुसलं.
लिहिलं: थंडी किती आहे?
गोदामात रोज सारखीच, ती म्हणाली,
गणितं पाठवत जा.

गुरुवारी परीक्षा झाली.
पायऱ्यांवरच पेपरचा फोटो काढून तिला धाडला,
तालाय शेजारी सूर्यफुलाच्या बिया सोलत,
एकही शब्द न बोलता.
रात्री पुठ्ठा आला, या वेळी दोन्ही बाजू भरून.
सातही गणितं.
कडेला तिरक्या अक्षरात:
तिसऱ्यात छपाईची चूक आहे,
छेदात एक्सचा वर्ग हवा होता,
नाहीतर उणे एकपाशी सगळं कोसळतं.
सरांना सांगा.
आणि तुम्ही काय लिहिलंत?

तिसरं मी कोरंच सोडलं होतं.
तिला अजून कळवलेलं नाही.