फळीखालचा एल्बो

थर्सोत जानेवारीत सकाळचे आठ म्हणजे रात्रच.
काउंटरवर स्वॉन्सन दोन एल्बो ठेवतो,
बावीस मिलिमीटरचे, जुळ्यांसारखे.
एकाच्या पाठीवर कंपनीचं नाव कोरलेलं,
सात पौंड दहा.
दुसरा निनावी, पिशवीत दहांच्या घोळक्यात,
नगाला एक चाळीस.
"पितळ ते पितळ," स्वॉन्सन म्हणतो
आणि चहात बिस्किट बुडवतो.

मी दोन्ही तळहातांवर तोलून बघते.
बाबा असेच तोलायचे, डोळे मिटून.
"स्वस्तातला नट," ते म्हणायचे,
"अर्ध्या फेऱ्यात हो म्हणतो
आणि पाऊण फेऱ्यात तडकतो."
व्हॅन त्यांची, पाने त्यांचे,
हे वाक्यही त्यांचंच,
गिऱ्हाइकांना मी ते माझं म्हणून ऐकवते.

इशबेल मोवॅटने हिशेब करून ठेवलाय
वीजबिलाच्या पाकिटाच्या पाठीवर.
रेडिएटरचे दोन व्हॉल्व्ह नावाचेच हवेत,
ईस्टरला ॲबर्डीनहून बहीण येते.
जिन्याजवळ फळ्यांखाली दोन एल्बो,
तिथे स्वस्तातले चालतील.
"उंदीर काय नाव वाचणार आहेत?"

मी म्हटलं, उलटं करा.
व्हॉल्व्ह गळला तर खाली वाटी ठेवता येते,
रागावता येतं, मला फोन करता येतो.
फळीखालचा गळतो तो महिनोन्‌महिने, मुक्याने.
तुळई काळी पडते, गालिच्याला वास मारतो,
मग दमडीची कोंबडी
आणि रुपयाचा मसाला.

"फरक किती?"
अकरा पौंड चाळीस.
ती आत गेली, बिस्किटांचा डबा घेऊन आली,
नाणी मोजू लागली
आणि मोजता मोजता म्हणाली,
"अगदी इनिससारखी बोलतेस."

फळी उचलली.
धूळ, वर्तमानपत्राचा बोळा, एक मणी,
आणि बाबांचा एल्बो.
निनावी.
टॉर्च फिरवून दोनदा पाहिलं,
पाठीवर काहीच नाही, फक्त हिरवट झाक.
तुळईवर सुताराच्या पेन्सिलीने त्यांची खूण, १९८७,
माझ्या जन्माचं वर्ष.
टिश्यूचा कागद नटाभोवती फिरवला:
कोरडा. परत फिरवला. कोरडाच.

नटाच्या आत तांब्याची बारीक अंगठी असते,
आमच्या धंद्यात तिला ऑलिव्ह म्हणतात.
एकदा आवळली की पाइपाला चावून बसते,
मग तिला काढायचं म्हणजे पाइपच कापायचा.
मी तशीच बसून राहिले, करवत मांडीवर.

"काय सापडलं गं?" वरून आवाज.
"जुना एल्बो. बाबांचा."
"हो, त्या हिवाळ्यात माझ्याकडे छदाम नव्हता.
मी त्याला धुरावलेले हॅडॉक दिले, सहा.
म्हणाला, एवढे पुरे."

सहा मासे.
आणि घरी मी, दीड महिन्याची,
आई पेरॅफिनच्या स्टोव्हपाशी.
हा एक चाळीसवाला, म्हणजे तेव्हाचा काही पेन्सचा,
त्यांनी स्वतःच्या खिशातून आणला असणार,
आणि मग तडकू नये म्हणून
पाऊण फेऱ्याच्या अलीकडे, श्वास रोखून,
हात थांबवला असणार.

पाइप कापला. कापावाच लागला,
नवी लाइन दुसरीकडून वळते.
नावाचे दोन बसवले, पाणी भरलं,
रेडिएटरांची हवा काढली, बॉयलर लावला.
बिलात व्हॉल्व्ह साध्या भावाचे लिहिले,
टोप्या मात्र पांढऱ्याच दिल्या, बहिणीसाठी.

पाइप तापत जाताना टकटक वाजतात.
फळी अजून उघडीच ठेवलीय.
इशबेल जिन्यावर बसलीय कप धरून,
मी खाली पालथी,
हातात टिश्यूचा कागद,
खिशात तो जुना,
नव्यापेक्षा जरा जड.