टिटवी, सहा पूर्णांक आठ किलोमीटर

मोर सगळेच काढतात.
मी टिटवी धरली, कारण तिचे पाय सरळ
आणि अकोट्यात आमच्या मागे दोन समांतर गल्ल्या,
दोन्हींवर वैशाखात बहावा.

पहाटे साडेपाच. फोन खिशात, उपग्रह डोक्यावर.
पस्तीस वर्षं सिटी सर्व्हेत मी ट्रेसिंग केलं:
दुसऱ्यांनी मोजलेल्या जमिनी
शाईनं उतरवून घेतल्या, बसून.
आता रेघ पायांतून निघते
आणि खोडरबर नाही.

चोचीसाठी एका बंद गल्लीत शिरून
कुत्र्याला तोंड दाखवून उलट फिरावं लागतं.
पोटाला गुलमोहर. शेपटीपाशी तामण, दोनच झाडं.
पुलाजवळ फोन गांगरला
आणि रेघ थेट विश्वामित्रीतून ओढली त्यानं,
मगरींच्या अंगावरून.
मी तेव्हा काठावर, चपलेतला खडा काढत होते.

डोळा मात्र चौकातल्या एकाच झाडाभोवती जमतो.
वडाला मी कधी फेऱ्या घातल्या नाहीत,
कारणच पडलं नाही.
बहाव्याला सात घातल्या.
वॉचमननं विचारलं, "बेन, कंई खोवायुं?"
नाही, म्हटलं, डोळा काढतेय.
तो जरा लांब जाऊन बसला.

ऑफिसात एकदा मी शीटवर झाड दाखवलं होतं,
मोहरीएवढं वर्तुळ, आत ठिपका.
दिघेसाहेबांनी ब्लेडनं खरवडायला लावलं:
हद्द दाखवा. झाड आज आहे, उद्या नाही.
चूक नव्हतं ते.
तीन आठवड्यांत हा पिवळाही उतरेल,
काळ्या शेंगा लोंबतील,
नकाशावर राहील नारिंगी रेघ,
जिच्या तळव्याला पाकळी चिकटलेली नाही.

शेजारच्या हंसाबेननं चष्मा लावून पाहिलं.
"बगळो?"
टिटवी.
"तो त्रीजो पग?"
किल्ली विसरले होते. परत आले होते.

फोन बंद करायचाच राहिला.
चहा टाकला, दूध उतू गेलं, फडकं आणायला गॅलरीत,
पुन्हा ओट्यापाशी, पुन्हा कपांच्या कपाटाकडे,
आणि टिटवीच्या पायांशी
रेघेचा एक गुंता साठत गेला,
गोल गोल, उघड्यावर, जमिनीवरच.

हंसाबेन वाकली. म्हणाली, "आ तो ईंडां!"
मग बराच वेळ आम्ही दोघी
स्वयंपाकघरात पाय जपून टाकत राहिलो.