काढायचे कसे

बर्फ फोडता फोडता भिवा तारी सांगतो:
टाकायचे तर यूपीआयने. शंभरही चालतात,
बोट उचलायच्या आत जमा.
काढायला वॉलेट बरं, लगेच देतं,
पण हजाराखाली नाही,
आणि माझे होते नऊशे चाळीस.
साठांसाठी परवा पाचशे टाकले.

आता दोनशे दहा. ते बँकेतूनच,
तीन दिवस, कामाचे.

खाडीत त्याच्या बापाची खोइन अजून बुडालेली असते.
काड्या आत वळलेल्या;
माशाला जाताना लागतही नाहीत.
लहानपणी यानंच माझा हात धरून आत घातला,
ओढताना ओरखडे उठले तेव्हा हसला.

देवगडच्या जेटीवर दुपारची ओहोटी.
पेटीवर मोबाइल उताणा, चक्र फिरतंय.
गिऱ्हाईक विचारतं, बांगडे कसे? स्कॅनर कुठाय?
भिवा ओला हात पुसतो.
"रोख दी."